सहा पेनीचं दुकान
(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी, तिळगूळ घ्या, गोड बोला.

कार्यकारिणीनं सांगितलं, "काकू, या ब्रिटनच्या इतिहासातलं काहीतरी बोला." राजेराण्या मला झेपत नाहीत. मी आपली एका दुकानावर बोलणार आहे. वूलवर्थ्सवर. पन्नाशीपुढची मंडळी आत्ताच हसायला लागली बघा!

1973 साली मी लग्न होऊन इथे आले. पहिल्याच आठवड्यात हवं होतं ते चहाचं गाळणं. एका दुकानात गेले, काउंटरपलीकडे मालक उभा. गाळण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना. हातवारे केले, तर त्यानं आधी नरसाळं काढलं, मग चाळण. मी "थँक्यू" म्हणून पळाले. शेजारच्या बाईंनी सांगितलं, वूलीजमध्ये, म्हणजे वूलवर्थ्समध्ये जा. तिथे गेले, फिरले, गाळणं दिसलं, उचललं, पैसे दिले. तोंडातून एक शब्द काढावा लागला नाही.

ही सोय काही आपोआप झालेली नव्हती. फ्रँक विनफील्ड वूलवर्थ हा अमेरिकन माणूस 1890 मध्ये माल खरेदीसाठी इंग्लंडात आला, तेव्हाच त्याच्या मनात आलं होतं की पेनी-सहा पेनीचं दुकान इथे धडाक्यात चालेल. एरवी दुकानात शिरलं की विक्रेता पुढ्यात येणार, काय हवं विचारणार, आणि काही न घेता बाहेर पडायची चोरी. याच्याकडे माल उघडा मांडलेला, किंमत ठरलेली. आत या, बघा, हात लावा. 5 नोव्हेंबर 1909 ला लिव्हरपूलच्या चर्च स्ट्रीटवर पहिलं दुकान उघडलं. पहिल्या दिवशी तर नुसतं बघायचं, विक्री दुसऱ्या दिवसापासून! इथला कारभार त्यानं नात्यातल्याच फ्रेड मूर वूलवर्थवर सोपवला होता.

तीन पेनी आणि सहा पेनी, त्यापुढे किंमत नाही. आपल्याकडे "हर एक माल दोन आणे" ओरडत हातगाडी यायची ना, तोच हिशेब, फक्त पक्क्या इमारतीत. आणि सहा पेनीत न बसणारी वस्तू कशी विकायची? तुकडे करून! 1930 च्या दशकात त्यांनी छोटा कॅमेरा असाच सुट्या भागांत विकला, प्रत्येक भाग सहा पेनीला. गिऱ्हाईक सगळे भाग घेणार हे उघडच. मला विचाराल तर ही शुद्ध लबाडी, पण गोड लबाडी. दुसऱ्या महायुद्धात महागाईनं ती मर्यादा मोडली.

त्याच युद्धातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 25 नोव्हेंबर 1944, शनिवारची दुपार. लंडनच्या न्यू क्रॉसमधल्या वूलवर्थ्सवर जर्मनांचं व्ही-2 रॉकेट पडलं. 168 माणसं गेली. टंचाईच्या त्या दिवसांत पातेली आलीत असं कळल्यानं बायकांची गर्दी होती म्हणतात. एका पातेल्यासाठी घरातून निघालेली माणसं.

पुढे 1958 मध्ये ब्रायटनजवळच्या पोर्टस्लेडला हजारावं दुकान उघडलं. मुलांचे लेडीबर्डचे कपडे, गाण्यांच्या तबकड्या, कुंड्या, बल्ब, पिक अँड मिक्सच्या, म्हणजे आपणच निवडून पिशवीत भरायच्या गोळ्या, सगळं एका छपराखाली. 1982 मध्ये कंपनी अमेरिकनांकडून ब्रिटिश मालकांकडे आली, 2001 मध्ये त्यांच्यापासूनही वेगळी, स्वतंत्र झाली. मधल्या काळात शंभरावर दुकानांच्या स्वतःच्या इमारती विकून त्याच भाड्यानं घेतल्या. घर विकायचं आणि त्याच घरात भाडेकरू म्हणून राहायचं! सुपरमार्केटं, एक पौंडवाली दुकानं आणि इंटरनेट यांनी गिऱ्हाईक नेलं हे खरंच, पण भाडं काही गिऱ्हाइकाबरोबर कमी होत नाही. नोव्हेंबर 2008 मध्ये दिवाळं निघालं. 807 दुकानं, सुमारे 27,000 नोकऱ्या. 6 जानेवारी 2009 ला शेवटची शटरं पडली.

त्या शेवटच्या दिवसांत मी आमच्या हाय स्ट्रीटवरच्या, म्हणजे मुख्य बाजाररस्त्यावरच्या वूलवर्थ्समध्ये गेले होते. फळ्या रिकाम्या. माल संपला म्हणून आता फळ्या, टोपल्या, पाट्याच विकायला काढलेल्या. गोळ्यांच्या मोकळ्या खणात प्लॅस्टिकचं एक छोटं फावडं पडलं होतं. माझी मुलं भांडायची ना, ज्यानं गोळ्या भरायच्या, तेच. काउंटरवर नेलं. त्यावर किंमत नव्हती. तिथल्या मुलीनं उलटसुलट करून पाहिलं, शेजारणीला विचारलं, तिनं खांदे उडवले. ज्या दुकानात शंभर वर्षं कुणाला किंमत विचारावी लागली नाही, तिथे आम्ही तिघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत उभ्या.

"पन्नास पेनी?" ती म्हणाली.

मी एक पौंड दिला. सध्या ते फावडं आमच्या तूरडाळीच्या डब्यात असतं.