बसऱ्याचा आबा

मंडळी, नमस्कार.

दसऱ्याचं सोनं देऊन-घेऊन झालं आहे. जेवणाला अजून थोडा अवकाश आहे, तेवढ्या वेळात मला गावाकडच्या पोरांबद्दल बोलायचं आहे. मी सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातला. या उन्हाळ्यात दीड महिना गावी राहून आलो. तिथे पंचवीस-तीस जणांचा एक गट आहे. कुणी शेती करतं, कुणी वडूजला औषधांचं दुकान चालवतं, दोघं प्राथमिक शिक्षक आहेत, एक पलटणीतून निवृत्त होऊन आलेले सुभेदार आहेत. दर रविवारी सकाळी सहाला ही मंडळी फावडी-घमेली घेऊन गावच्या जुन्या बारवेवर जमतात.

खटाव-माण म्हणजे दुष्काळी मुलूख, हे इथल्या सातारकरांना सांगायला नको. लिंबची बारा मोटेची विहीर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसल्यांनी ती बांधून घेतली. तिच्यापुढे आमची बारव अगदी लहान. पण तिलाही पायऱ्या आहेत, देवळी आहे, आणि नळ आल्यापासून ती गाळाने भरत गेली होती. मी गेलो तेव्हा अकरा पायऱ्या मोकळ्या झाल्या होत्या. खालून वरपर्यंत माणसांची रांग करायची आणि घमेलं हातोहात वर द्यायचं. पहिल्या दिवशी माझ्या तळहाताला फोड आले, दुसऱ्या रविवारी ते फुटले, तिसऱ्या रविवारी दगड सापडला.

सापडला म्हणजे तो होताच, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. काठावर बायका ज्यावर धुणं धुवायच्या तो हा दगड. गाळ काढताना खालची माती सरकली, दगड कलला, आणि पहारीने उचलून उलटा केला तर खाली वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणासाठी कोरलेला दगड. वर्षानुवर्षं तोंड मातीत असल्यामुळे कोरीव काम जसंच्या तसं राहिलं होतं. सगळ्यात खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला माणूस, त्याच्या मागे तीन गाई. गावची गुरं हाकून नेणाऱ्यांशी लढताना तो पडला, असा त्याचा अर्थ. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्हीकडून धरून वर नेताहेत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याचं स्मरण राहो.

आमच्या भावकीतल्या एक आजी तिथेच उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही हात तोंडावर नेले आणि म्हणाल्या, "अगं माझ्या बाई, चाळीस वरसं ह्याच्या पाठीवर धुणं बडिवलं की म्या!" मग कुणी सांगायच्या आत कळशी कलती करून त्यांनी त्याच्यावर पाणी घातलं आणि पदराने त्याचं तोंड पुसलं.

त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही तो दगड धुतला. या कामात पोरांचा हात फार जपून चालतो, ते मला मनापासून आवडलं. नुसतं पाणी, मऊ ब्रश आणि बांबूची काडी. तारेचा ब्रश नाही, ॲसिड नाही, ऑइलपेंट नाही. पुष्कळ गावांत चांगल्या भावनेने वीरगळांना रंग फासतात, सिमेंटात पक्के बसवतात, आणि त्यात चेहरे कायमचे जातात. आपल्या मंडळाने संगमरवरी चौथऱ्यासाठी पैसे देऊ केले होते, ते गटाने नम्रपणे नाकारले. दगड बारवेच्या काठीच, मातीत, उभा केला. माझ्या मते त्यांनी योग्य केलं.

मात्र एक गोष्ट मनात राहिली. त्या वीरगळावर एकही अक्षर नाही. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर ते नसतंच. ज्याच्यासाठी गावाने एवढा दगड कोरून घेतला, त्याचं नाव आता कुणालाच सांगता येत नाही.

तेव्हा सुभेदारांनी विषय काढला. आपल्या जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी तुम्हाला माहीत आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान गेले. पण तेव्हा आपल्या भागातल्या कितीतरी गावांतून, वाड्यांवरून माणसं पलटणीत गेली होती. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ कुतच्या वेढ्यात अडकल्या, उपासमारीने हैराण झाल्या, शेवटी कैदेत गेल्या. त्या मुलखात मरण पावलेल्यांचं स्मारक बसऱ्याला उभारलं. त्यावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, शिपायांचे मात्र पलटणवार नुसते आकडे. युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ मध्ये स्वतःच्या अहवालात हा भेदभाव कबूल केला आणि माफी मागितली. आकडे वाचून मला आमच्या बारवेवरचा दगड आठवला. तिथे निदान चेहरा तरी होता.

पण नावं पूर्ण हरवलेली नाहीत. कमिशनच्या संकेतस्थळावर ती शोधता येतात. पुष्कळ नोंदींमध्ये बापाचं नाव आणि गावही मिळतं. अडचण स्पेलिंगची. लिहिणाऱ्याने कानाला जसं ऐकू आलं तसं इंग्रजीत उतरवलेलं. जाधवचं एका ठिकाणी जादव, दुसरीकडे जाधाओ. वाडीचं नाव तर ओळखूच येत नाही. ज्याला ती वाडी ठाऊक आहे, त्यालाच ते मोठ्याने वाचल्यावर उलगडतं.

आपल्या मंडळातल्या एका ताईंनी गेल्या दोन महिन्यांत रात्री-रात्री बसून हे काम केलं. आमच्या गावाशेजारच्या वाडीची एक नोंद त्यांना सापडली. गटातली पोरं कागद घेऊन त्या घरी गेली. घरातले कर्ते सत्तरीचे. ते म्हणाले, आमच्यात दर भादव्यात म्हाळाला, म्हणजे पितरांच्या श्राद्धाला, एक पान जास्त वाढतात, 'बसऱ्याच्या आबाचं'. त्यांच्या आजोबांचा थोरला भाऊ. लग्न झालेलं नव्हतं. देव्हाऱ्यात त्याचा चांदीचा टाक आहे, घोड्यावर बसलेला. नाव मात्र घरात कुणालाच माहीत नव्हतं. शिक्षकाने कागदावरचं नाव, मग बापाचं नाव वाचलं. बापाचं नाव ऐकून म्हातारबाबा उठले, आतून सातबाऱ्याचे जुने उतारे घेऊन आले आणि त्यातलं पणजोबांचं नाव बोट ठेवून दाखवलं. जुळलं.

परवाच्या सर्वपित्रीला त्यांनी मला व्हिडिओ कॉल लावला होता. पत्र्यावर पान ठेवलेलं, वडे, खीर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. म्हातारबाबांनी हात जोडून आबाला पहिल्यांदा नावाने हाक मारली, बापाच्या नावासकट, आडनावासकट. नाव घेताना ते जरा अडखळले, कारण जिभेला त्याची सवय नव्हती. ते नाव मी इथे सांगत नाही, ते त्या घराचं आहे.

गटाची बाकीची कामं मी भरभर सांगतो. ९ सप्टेंबरला रक्तदान शिबिर असतं. १९४२ साली त्याच तारखेला वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला होता आणि गोळीबारात परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबरचे लोक हुतात्मा झाले. तो दिवस नुसत्या हारावर भागवायचा नाही, असं गटाने ठरवलं आहे. शनिवारी शाळेत मुलांना मोडी शिकवतात. बारवेच्या अजून किती पायऱ्या गाळाखाली आहेत, ते कळायचं आहे.

आता आपलं काम. मागच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. सातारा-सांगलीकरांनी जेवायला जाण्याआधी त्यात आपलं गाव, वाडी, तिचं जुनं नाव असेल तर ते, आणि भावकीची आडनावं लिहा. घरात कुणी 'लढाईत गेला' एवढंच म्हणत असतील, कुणाच्या देव्हाऱ्यात वीराचा टाक असेल, तर तेही लिहा. नाव माहीत नसलं तरी चालेल. ज्यांना संध्याकाळचा तासभर मोकळा आहे, त्यांनी ताईंशी बोला, नोंदी वाचायला माणसं हवी आहेत. आणि आज रात्री गावी फोन लावून घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, म्हाळाला आपण कुणाकुणाचं पान वाढतो.