गजरी तूर, लाल तूर

लातूरची बाजार समिती. आडतीसमोर तुरीचा ढीग. खरेदीदार मूठभर तूर तळहातावर पसरतो, एक दाणा दाताखाली फोडतो. ओल किती आहे, ते त्याला तेवढ्यात कळतं. ही आपल्या रानातली लाल तूर. दालमिलच्या गोदामातली ती गजरी मात्र मोझांबिकची. हिंदी महासागर ओलांडून आलेली.

मोझांबिक १९७५ साली पोर्तुगिजांच्या ताब्यातून सुटला. आपलं आणि त्यांचं नातं जुनं, पण तुरीनं ते घट्ट केलं ते दुष्काळात. २०१५ मध्ये तूरडाळ दोनशे रुपये किलोपर्यंत गेली. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्याच वर्षी जुलैमध्ये मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोत, तूर आयातीचा करार झाला: पहिल्या वर्षी एक लाख टन, पाचव्या वर्षी दोन लाख टन. २०२१ मध्ये त्याला आणखी पाच वर्षांची मुदत मिळाली.

सोय खरी आहे. त्यांची तूर निघते ऑगस्ट-सप्टेंबरात. तेव्हा आपली फुलोऱ्यालाही आलेली नसते आणि मिलवाल्यांकडचा माल संपत आलेला असतो.

पण २०१६ला पाऊस चांगला झाला आणि तूर मोप पिकली. बोनससह हमीभाव ५,०५० रुपये, बाजारात भाव त्याच्याही खाली. खरेदी केंद्रांपुढं ट्रॅक्टरच्या रांगा. बारदाना नाही म्हणून काटा बंद! माणसं पोत्यांवरच झोपली. कष्टानं पिकवलेल्या मालाची राखण करत रात्री काढायच्या, हे फार जिव्हारी लागणारं होतं.

ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं करारातल्या तुरीला हात लावला नाही, बाकीच्या आयातीवर मात्र वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. इकडं त्याची गरजच होती. तिकडं नाम्पुला आणि झांबेझिया प्रांतांतल्या तुरीचे भाव कोसळले. तिथला शेतकरीही आपल्यासारखाच अल्पभूधारक. तो तूर पेरतो ती मुख्यतः भारतासाठी. दुसरं गिऱ्हाईक त्यानं कुठं शोधायचं?

म्हणून करारात टनांबरोबर महिनेही लिहायला हवेत. परदेशी तूर डिसेंबरच्या आत उतरावी, आपल्या राशी सुरू व्हायच्या आधी. आणि आयातीचं धोरण दोन्हीकडच्या पेरणीआधी जाहीर व्हावं: आपल्याकडं मृगाआधी, त्यांच्याकडं तिथला पावसाळा लागायच्या आधी.