स्मिता पाटील: पडद्यावरची आणि पडद्याबाहेरची

नमस्कार श्रोतेहो.

आज स्मिता पाटीलबद्दल बोलायचं आहे. तिच्या अभिनयाबद्दल आपल्याकडे भरभरून बोललं जातं, आणि ते योग्यच आहे. पण ऐन बाविशीत 'भूमिका'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या या मुलीनं पुरस्काराचे पैसे समाजकार्यासाठी देऊन टाकले, ही गोष्ट मात्र एका ओळीत उरकली जाते. मला वाटतं, तिचं पडद्यावरचं काम समजून घ्यायचं तर त्या ओळीपाशी जरा थांबायला हवं.

स्मिताचा जन्म 17 ऑक्टोबर 1955 चा, पुण्याचा. वडील शिवाजीराव पाटील खानदेशातल्या शिरपूरचे, स्वातंत्र्यलढ्यातून राजकारणात आलेले. आई विद्याताई परिचारिका होत्या आणि समाजकार्यात रमलेल्या. घरात राष्ट्र सेवा दलाचं वातावरण. अशा घरातल्या मुलांना 'समाजसेवा कर' असं वेगळं सांगावं लागत नाही. घरी येणारी-जाणारी माणसंच ते शिकवत असतात.

पुढे मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि स्मिता तिथे मराठी बातम्या देऊ लागली. जीन्स घालून यायची आणि बातम्यांची वेळ झाली की त्यावरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची, ही आठवण तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. त्याच पडद्यावर श्याम बेनेगलांनी तिला पाहिलं. 'चरणदास चोर', 'निशांत' आणि मग 1976 चा 'मंथन'. गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन-दोन रुपये घालून हा चित्रपट उभा केला होता. सिनेमात पाऊल टाकलं ते अशा ठिकाणी!

'चक्र'साठी ती मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून फिरली, तिथल्या बायकांचं जगणं जवळून पाहिलं. त्या भूमिकेनं तिला दुसरा राष्ट्रीय पुरस्कार दिला. पण चित्रपटाची जाहिरात करताना तिच्या अंघोळीच्या दृश्याचंच पोस्टर रस्तोरस्ती लागलं. स्मितानं याबद्दलची नाराजी मुलाखतीत उघड बोलून दाखवली. तिचा मुद्दा साधा होता. झोपडपट्टीतल्या बाईला आडोसाच मिळत नाही, तिला उघड्यावरच अंघोळ करावी लागते, म्हणून ते दृश्य चित्रपटात हवं. पण तेच उचलून तिकीटबारीसाठी वापरायचं, हे चूक. दृश्य तेच, पण ते कशासाठी दाखवलं जातंय याचा हिशेब ती मागत होती. आजच्या नटनट्यांपैकी किती जण तो मागतात, सांगा बरं.

आता 'उंबरठा'. 1982 चा, जब्बार पटेलांचा. सुलभा महाजन ही सुखवस्तू घरातली सून, लहान मुलीला घरच्यांच्या हवाली करून महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते. तिथला भ्रष्टाचार, वरून येणारे दबाव, आणि जिथे आसरा मिळायचा तिथेच बायकांची होणारी परवड. साध्या सुती साडीतली स्मिता त्या बायकांचं ऐकून घेताना नीट पाहा. ती गप्प असते, पण तिचं ऐकणं दिसतं. असं ऐकणं तालमीत शिकवून येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

कारण त्याच काळात ती अत्याचारग्रस्त बायकांना मदत करणाऱ्या मुंबईच्या विमेन्स सेंटर या संस्थेशी जोडलेली होती. जरा तो काळ आठवा. मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं दोन पोलिसांना निर्दोष सोडलं आणि 1980 साली देशभर बायका रस्त्यावर उतरल्या. त्या चळवळीच्या रेट्यामुळे 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. मोर्चा संपला तरी मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बाईचा प्रश्न संपत नाही. रात्री जायचं कुठे, पोलीस चौकीत सोबत कोण येणार, वकील कोण देणार? मुंबईतल्या कार्यकर्त्या बायका या प्रश्नांना भिडत होत्या, आणि एक नामवंत नटी त्यांच्यासोबत उभी होती.

याच वर्षांत तिनं 'शक्ती', 'नमक हलाल' असे धंदेवाईक चित्रपटही केले. काहींना ते रुचलं नाही. मला त्यात वावगं काही दिसत नाही. मोठा प्रेक्षक मिळाला की त्याच नावावर छोटे चित्रपटही जास्त लोकांपर्यंत जातात. 'नमक हलाल'मधल्या पावसातल्या गाण्यानं ती स्वतः फार अस्वस्थ झाली होती, हेही तितकंच खरं.

1985 मध्ये तिला पद्मश्री मिळाली. पुढच्याच वर्षी, 13 डिसेंबर 1986 रोजी, मुलाच्या जन्मानंतर अवघ्या पंधरवड्यात, बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीनं ती गेली. वय 31. केतन मेहतांचा 'मिर्च मसाला' तिच्यामागून प्रदर्शित झाला. मसाल्याच्या कारखान्यात आसरा घेतलेली सोनबाई आणि शेवटी सुभेदारावर लाल तिखट फेकणाऱ्या तिथल्या कामकरी बायका. पाहिला नसेल तर जरूर पाहा, आणि घरातल्या मुलींना, मुलांनाही सोबत बसवा.

नमस्कार.