सोलापुरातलं काश्मीर

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, आज बारविषयी बोलणारय पण पिण्याविषयी नाही, त्यामुळं शेजारी आजी बसली असली तरी रेडिओचा आवाज कमी करू नका.

आपल्याकडच्या जुन्या परमिट रूममध्ये कधी नुसत्या भिंती बघायला गेलाय का? मी मागं एप्रिलात स्टेशनजवळच्या एका ठिकाणी गेलतो, बाहेर 43 डिग्री, आत शिरलो तर अख्ख्या भिंतीवर दल लेक, शिकारा, मागं बर्फाचे डोंगर, सगळं ऑइलपेंटनं. डोक्यावर पंखा गरम हवा फेकतोय आणि समोर बर्फ! शिकाऱ्यातल्या बाईनं नेसलंय मात्र इरकल लुगडं, म्हणजे पेंटर आपलाच की बे. कोपऱ्यात सही आणि पाच आकडी फोन नंबर, काय तो काळ ओळखा.

असली कामं पाट्या आणि सिनेमाचे बोर्ड रंगवणारे लोक करायचे, मग फ्लेक्स आला आणि ब्रश गेले. कुणी नाक मुरडलं तर सांगा, आपल्या पंढरपुरात 1915 साली जन्मलेले एम. एफ. हुसेनपण मुंबईत आधी सिनेमाची होर्डिंगंच रंगवत होते.

मुंबईला गेलात तर कुलाब्यात कॅफे मोंडेगारमध्ये व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं आहेत भिंतीभर, लोक खास ती बघायला जातात. आणि तिकडं न्यूयॉर्कला कार्लाइल हॉटेलच्या बारमध्ये लुडविग बेमेलमन्स नावाच्या चित्रकारानं 1947 साली सेंट्रल पार्क रंगवलं, त्यात ससे पिकनिक करतायत, हत्ती बर्फावर घसरतायत, आणि पैसे न घेता त्या बदल्यात गडी कुटुंबासकट दीड वर्ष हॉटेलातच राहिला. त्याचं नाव आजपण त्या बारला आहे. आमच्या दल लेकवाल्याचा नंबर लावून बघितला, अर्थातच लागत नाही.

आता फोटोचं. फ्लॅश अजिबात मारू नका, ऑइलपेंट चकाकतो आणि बर्फाच्या जागी नुसता पांढरा गोळा येतो. दुपारी तीन-चारला जावा, गर्दी नसते, दार उघडं ठेवायला सांगा, बाजूनं उजेड आला की ब्रशचे फटकारे दिसायला लागतात. आत पिवळे बल्ब असले तर मोबाइलला सगळंच हळदीचं वाटतं, ते जरा निळ्याकडं ओढून घ्या. हात हलतो म्हणून मी मोबाइल चकण्याच्या वाटीला टेकवून टायमर लावला, ट्रायपॉड काढला असता तर मालकानं मला एक्साइजवालाच समजलं असतं, तसाही तो दोनदा येऊन विचारून गेला, साहेब कुठल्या खात्यातनं?

आणि खुर्च्या, कॅलेंडर, डोकी टेकून टेकून खालचं पाणी काळं झालंय ते, हे सगळं फ्रेममध्ये येऊ द्या. नुसतं चित्र कापून घेतलं तर ते कुठल्यापण कॅलेंडरवरचं काश्मीर वाटतं, माझे पहिले वीस-पंचवीस फोटो तसलेच फुकट गेले.

निघताना तिथला वेटर म्हणला, मी उभारू का हितं, वीस वर्षं झाली, या भिंतीसंगं माझा एकपण फोटो नाही. उभारला, टॉवेल खांद्यावर नीट घेतला, हसला नाही. तोच फोटो सगळ्यात भारी आला म्हणून फ्रेम करून नेऊन दिला.

परवा परत गेलतो. फ्रेम त्याच भिंतीवर लावलीय त्यानं, खिळा ठोकून, बरोबर शिकाऱ्यातल्या बाईच्या तोंडावर.