साकेचा प्याला चाखताना

श्रोतेहो, नमस्कार. साके म्हणजे तांदूळ आंबवून केलेले जपानी मद्य. तिच्या बाटलीवर बहुधा एक टक्केवारी छापलेली असते आणि नवखा माणूस तिच्यावरच विसंबतो. तांदूळ घासल्यावर दाण्याचा किती भाग उरला, हे ती सांगते: गिंजो या प्रकारच्या साकेसाठी ६० टक्के किंवा कमी, दाईगिंजो या प्रकारासाठी ५० टक्के किंवा कमी. बाहेरच्या थरातील प्रथिने व स्निग्धांश निघून गेले आणि पुढे थंडीत सावकाश आंबवण झाली, की सफरचंदाची किंवा केळ्याची आठवण करून देणारा सुगंध उतरतो. मात्र आकडा जितका लहान तितकी साके श्रेष्ठ, हा समज मला मान्य नाही, कारण त्या घासण्यात तांदळाची भरदार चवही ओसरत जाते.

याची खात्री करून घ्यायची असेल, तर दाईगिंजोशेजारी यामाहाई नावाची साके ठेवावी. साकेच्या विरजणाला लॅक्टिक आम्लाचे संरक्षण लागते. हल्ली ते बहुतेक ठिकाणी तयार मिसळतात. जुन्या किमोतो पद्धतीत मात्र भात आणि कोजी (खास बुरशी वाढवलेला तांदूळ) लाकडी दांड्यांनी घोटून, जिवाणूंकरवी ते आपोआप तयार होईपर्यंत वाट पाहिली जाई. १९०९ च्या सुमारास ही कष्टाची घोटणी टाळता येते, असे दिसून आले आणि यामाहाई जन्मली. तिला ताकासारखी आंबूस झाक असते, आणि मागे रेंगाळणारी चव बरीच दाट.

पाण्याचाही वाटा मोठा आहे. कोबेजवळील नादा या भागातल्या खनिजयुक्त, कठीण पाण्यात यीस्ट जोमाने काम करते, म्हणून तेथील साके करकरीत व कोरडी, म्हणजे कमी गोड. क्योतोतील फुशिमीचे पाणी त्या मानाने मृदू, म्हणून तिथली साके सौम्य. जपानी लोक पहिलीला पुरुषी आणि दुसरीला बायकी म्हणत आले आहेत; ही विशेषणे मला फारशी रुचत नाहीत, पण फरक जिभेला कळतो.

चाखताना तळाशी निळी वर्तुळे असलेला पांढरा प्याला घ्यावा. पांढऱ्यावर रंग आणि निळ्यावर स्वच्छपणा पारखता येतो. दाईगिंजो १० अंशांच्या आसपास थंड असावी, कारण गरम केल्यावर तिचा नाजूक सुगंध टिकत नाही. यामाहाई आधी साध्या तापमानाला चाखावी, मग बाटली गरम पाण्यात ठेवून ४५ अंशांपर्यंत तापवावी. तिचे आम्ल तेव्हा मवाळ होते आणि गोडवा पुढे येतो. क्रम हलक्याकडून भारीकडे ठेवावा आणि मधूनमधून साधे पाणी प्यावे, कारण साकेत अल्कोहोल साधारण १५ ते १६ टक्के असते.