ऑपरेशननंतरचा दुखण्याचा पॅच

नमस्कार मंडळी. गुडघा बदलायचं ऑपरेशन झालं की हल्ली बऱ्याच पेशंटच्या दंडावर नाहीतर छातीवर वरच्या बाजूला एक छोटी पट्टी चिकटवलेली दिसते, आज त्या पॅचबद्दल बोलूया. दिसायला अगदी साधा, आणि डायक्लोफेनॅकचा पॅचही साधारण असाच दिसतो त्यामुळे घरी गोंधळ होतो, पण डायक्लोफेनॅक म्हणजे सूज-दुखीचं नेहमीचं औषध. मी बोलतेय ते ओपिऑइड पॅचबद्दल, म्हणजे मॉर्फिनच्या घराण्यातलं औषध. त्यात मुख्य दोन, फेंटानिल आणि ब्युप्रेनॉर्फिन. तुमच्याकडे कुठला आहे ते पाकिटावर वाचा, नाहीतर डॉक्टरांना सरळ विचारा.

मी भूलतज्ज्ञ, त्यामुळे वॉर्डात एक प्रश्न हमखास येतो, "मॅडम, दुखतंय गुडघा आणि पट्टी दंडावर कशाला?" तर हे औषध जागेवर काम करत नाही. कातडीतून हळूहळू आत जातं, कातडीखाली त्याचा साठा होतो, तिथून रक्तात आणि मग मेंदूपर्यंत. यात वेळ जातो. फेंटानिलचा पॅच लावल्यावर पूर्ण असर यायला 12 ते 24 तास लागतात, तो 72 तासांनी बदलतात. ब्युप्रेनॉर्फिनचा सात दिवस चालतो. आणि काढून टाकला म्हणजे संपलं असं नाही हं, फेंटानिलचं रक्तातलं प्रमाण अर्ध्यावर यायलाच 17 तास किंवा जास्त लागतात.

आता ऑपरेशननंतरचं दुखणं कसं असतं? पहिले एक-दोन दिवस जोरात, फिजिओथेरपिस्टने गुडघा वाकवला की कळ, झोपून राहिलं की बरं, आणि मग रोज थोडं थोडं कमी. इतकं बदलणारं दुखणं आणि इतकं सावकाश औषध, जमत नाही हो. म्हणूनच फेंटानिल पॅचच्या माहितीपत्रकातच स्पष्ट लिहिलंय की ऑपरेशननंतरच्या दुखण्यासाठी हा वापरू नये, आणि ज्याला या जातीच्या औषधांची सवय नाही त्याला तर नाहीच, कारण श्वास मंदावतो. तासाला 25 मायक्रोग्रॅम सोडणारा पॅच म्हणजे दिवसाला तोंडाने साधारण 60 मिलिग्रॅम मॉर्फिन घेतल्यासारखं, कधी ओपिऑइड न घेतलेल्या आजींना हे फार झालं. तो कॅन्सरसारख्या लांबलेल्या दुखण्यासाठी.

ब्युप्रेनॉर्फिन मूळचं लांबलेल्या दुखण्यासाठीच, पण आपल्याकडे बरेच अस्थिरोगतज्ज्ञ ते कमी डोसात, तासाला 5 किंवा 10 मायक्रोग्रॅमचं, ऑपरेशननंतर वापरतात, काही जण आदल्या दिवशीच लावतात म्हणजे वेळेवर असर सुरू होतो. निवडक पेशंटला ठीक, असं माझं मत, पण पॅरासिटामॉल आणि नर्व्ह ब्लॉक (म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन) यांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नाही. मळमळ, चक्कर, बद्धकोष्ठता होते, आणि नवीन गुडघ्यावर बाथरूमला निघालेल्या माणसाला चक्कर येणं म्हणजे पडायची भीती, तेव्हा उठताना कुणीतरी सोबत हवं. "पट्टी लावलीय तरी ठणकतोय, अजून एक लावू का?" नाही! डॉक्टरांना फोन करा, आणि झोपेची गोळी किंवा दारू अजिबात नको.

आणि शेक. आपल्याकडे दुखलं की पहिली गरम पाण्याची पिशवी येते. पॅचवर उष्णता लागली की औषध भराभर आत शिरतं, म्हणून पिशवी, हीटिंग पॅड, खूप गरम पाण्याची अंघोळ टाळा, ताप आला तरी कळवा. पॅच कापून अर्धा करू नका. वापरलेल्यातही बरंच औषध उरतं, चिकट बाजू आत दुमडून लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा टाका, मुलांनी चिकटवून किंवा तोंडात घालून जीव गेल्याच्या घटना झाल्यात.

माणूस हाक मारून उठत नाहीये, श्वास खूप हळू किंवा अडकत चाललाय असं वाटलं तर पॅच काढा, 108 ला फोन लावा, आणि पॅच काढल्यावर जरा सावध झाला तरी हॉस्पिटलमध्ये न्याच, कातडीखालचं औषध अजून रक्तात येतच असतं.