डबा, दुर्बीण आणि नांदूरमधमेश्वरची पहाट

(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: धुक्यातलं पाणी. फक्त पक्ष्यांचे आवाज. वीस सेकंद निवेदन नाही.]

जानेवारीतला रविवार, सकाळचे पावणेसात. निफाड तालुक्यातलं चापडगाव, नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्याच्या काठावरचं. पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं, ते धुक्यात कळत नाही. आवाज मात्र वेगवेगळे ओळखू येतात. बारीक शिट्टीसारखा आवाज अडईंचा. घशातून येणारा घोगरा आवाज चक्रवाकांचा. मध्येच पाण्यावर पंख आपटत कुणीतरी धावतं, ते वारकरी.

मनोऱ्यावर पाच माणसं उभी आहेत. आई, बाबा, आजोबा, नववीतला मुलगा आणि तिसरीतली मुलगी. पाचही जणांचे हात स्वेटरच्या खिशात आहेत आणि एकाच्याही हातात मोबाईल नाही.

[दृश्य: आदली रात्र. स्वयंपाकघराचा ओटा. स्टीलचा डबा.]

याची तयारी नाशिकच्या घरात आदल्या रात्री नऊलाच सुरू झाली. हा पोळ्यांचा जुना डबा. घरातले चार स्मार्टफोन यात जाणार आहेत, आणि क्रम ठरलेला आहे: पहिला फोन बाबांचा, दुसरा आईचा, मुलांचे त्यानंतर. हा क्रम उलटा झाला की बेत तिथेच बिघडतो. मोठ्यांच्या हातात फोन असताना मुलांकडून तो काढून घेतला, तर मुलांच्या लेखी सहल ही शिक्षा होते.

आजोबांचा बटणांचा साधा फोन चालू राहील. नातेवाइकांना आणि ऑफिसात तोच नंबर कळवून ठेवला आहे. ही छोटी गोष्ट फार कामाची आहे, कारण ‘अर्जंट फोन आला तर?’ हा प्रश्न कुणाच्या मनात राहिला की डबा अर्ध्या तासात उघडतो.

उशाशी गजराचं घड्याळ. पहाटे गजर बंद करायला फोन हातात घेतला की पडद्यावरचे निरोप दिसतात, आणि पुढची दहा मिनिटं तिथेच जातात. रस्त्याचा नकाशा मुलाने कागदावर काढून घेतला आहे. उद्या ‘डावीकडे, उजवीकडे’ सांगायचं काम त्याचं. या वयाच्या मुलाला नुसतं मागच्या सीटवर बसवून नेलं तर तो येतो, पण रुसलेला येतो. त्याच्याकडे काहीतरी सोपवावंच लागतं.

[दृश्य: पिशवीत जाणाऱ्या वस्तू, एकेक करून.]

पिशवीत दोन दुर्बिणी. दोनशे पानी वही, दोन पेन्सिली. पेन नको, थंडीत आणि दवात त्याची शाई अडते. पाच कानटोप्या. थर्मासमध्ये चहा, मुलांसाठी दूध. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. वेफर्सची पाकिटं मुद्दाम वगळली आहेत. पाकिटाच्या कुरकुरीने जवळचे पक्षी उडतात आणि रिकामी पाकिटं वाऱ्याने पाण्यात जातात. कपडे खाकी, मळकट हिरवे किंवा राखाडी. पांढरा आणि लाल रंग लांबून उठून दिसतो.

[दृश्य: गाडीच्या काचेतून द्राक्षबागा.]

नाशिकहून हे अंतर साधारण चाळीस किलोमीटर. थंडीत सूर्य सात-सव्वासातला उगवतो, म्हणून साडेपाचला निघायचं. सहाच्या पुढे निघालात तर धुकं हातचं जातं. नऊनंतर बरेचसे पक्षी पोट भरून, मान पंखांत खुपसून बसतात आणि मुलांना दिसतात ती नुसती ठिपक्यांची बेटं. ‘नांदूरमधमेश्वरला काहीच नव्हतं’ असं सांगणारी बहुतेक कुटुंबं दहाला पोहोचलेली असतात.

थंडीचंही गांभीर्य असू द्या. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. मोज्यांशिवाय आलेलं मूल पंधराव्या मिनिटाला ‘घरी चला’ म्हणतं, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

[दृश्य: ड्रोन. बंधारा, गाळाची बेटं, पाणकणीस.]

गोदावरी आणि कादवा इथे एकत्र येतात. ब्रिटिशांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, इथे दगडी बंधारा बांधला गेला. तो बांधला शेतीसाठी. गंगापूर आणि दारणा धरणांतून सोडलेलं पाणी इथे अडतं आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडे जातं. दर पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला. त्याची बेटं झाली, बेटांवर पाणकणीस आणि गवत माजलं. खोल पाणी, उथळ पाणी, चिखल, झुडपं, काठाची बाभळ आणि पलीकडे गव्हा-हरभऱ्याची शेतं, असं सगळं एकाच ठिकाणी तयार झालं. ज्याला जे हवं ते इथे मिळतं, म्हणून पक्षी येतात.

१९८६ मध्ये हे अभयारण्य झालं. २०२० च्या जानेवारीत रामसर यादीतली, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतली, महाराष्ट्रातली पहिली पाणथळ म्हणून याचं नाव जाहीर झालं.

एक गोष्ट निघण्याआधी विचारून घ्यावी: कालव्याचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाळीने सोडायचं पाणी, सुटलं आहे का? पाणी उतरलेलं असेल तर चिखल उघडा पडतो आणि शेकाट्या, तुतवार, शराटी असे चिखलात टोचणारे पक्षी जवळ दिसतात. पाणी भरलेलं असेल तर बदकं जास्त, पण जरा लांब. दोन्ही दिवस चांगलेच. फक्त मुलांना जे दाखवायचं कबूल करायचं, ते पाणी पाहून करावं. ‘रोहित (फ्लेमिंगो) दाखवतो’ असा शब्द तर कधीच देऊ नये. रोहित आपल्या मर्जीने येतात-जातात, आणि शब्द मोडला की मूल समोरचे हजार पक्षी बघत नाही.

[दृश्य: दुर्बीण, अगदी जवळून. बोटं.]

आता दुर्बीण. इथे आपण थोडे थांबणार आहोत, कारण मुलांचा कंटाळा बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो.

दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते. बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. भिंग जितकं मोठं तितका पहाटेच्या अंधुक उजेडात फायदा. दहापट किंवा त्याहून जास्त मोठं करणारी दुर्बीण घेण्याचा मोह होतो, पण हाताचा कंपही तितकाच मोठा होतो आणि मुलांच्या हातात चित्र थरथरत राहतं. दहा वर्षांखालच्या मुलांना ८×३२ बरी. ती हलकी असते.

आधी दोन नळ्या जवळ-लांब करून दोन्ही डोळ्यांना मिळून एकच गोल दिसेल असं बसवायचं. मुलांच्या डोळ्यांतलं अंतर कमी असतं. बाबांनी वापरलेली दुर्बीण तशीच मुलीच्या हातात दिली, तर तिला मध्ये काळा पट्टा दिसतो आणि ती म्हणते, ‘मला दिसतच नाही.’ तिला खरंच दिसत नसतं.

चष्मा असेल तर डोळ्यांपाशी असलेल्या रबरी कडा आत दाबायच्या. नसेल तर बाहेर काढायच्या.

मग उजव्या बाजूच्या भिंगासमोर तळहात धरायचा, लांबच्या एका खुंटाकडे डाव्या डोळ्याने बघत मधलं चाक फिरवायचं, खुंट स्पष्ट होईपर्यंत. आता तळहात डाव्या भिंगासमोर. मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याकडची कडी फिरवायची. एकदा ही कडी जुळली की त्या माणसापुरतं पुढे फक्त मधलं चाक. आजोबांच्या कडीची खूण पेन्सिलने करून ठेवली आहे, पाहा.

[दृश्य: मुलगी. आधी नुसत्या डोळ्यांनी, मग दुर्बिणीने.]

पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी धरायचा. नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. मुलं नेमकं उलटं करतात: मान खाली घालून दुर्बीण बघतात, ती डोळ्यांना लावतात आणि मग पाण्यावर पक्षी शोधत फिरतात. आधी खांबावर, मग बसलेल्या बगळ्यावर सराव करून घ्या. उडत्या पक्ष्यावर सगळ्यात शेवटी.

पट्टा गळ्यातच हवा. आणि दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही, एक क्षणही बघायचं नाही. डोळ्याला कायमची इजा होते. म्हणून सूर्य पाठीशी येईल अशीच जागा निवडायची. पक्ष्यांचे रंगही तिथूनच दिसतात. समोरून ऊन असेल तर सगळी बदकं काळीच.

[दृश्य: वही. रेघा मारलेलं पान.]

वहीत पाच रकाने: वेळ, जागा, काय करतोय, किती, आणि सगळ्यात शेवटी नाव. नाव शेवटी ठेवण्यामागे कारण आहे. नाव कळलं की मुलाची नजर लगेच पुढच्या पक्ष्यावर जाते. आधी वर्णन लिहायचं ठरवलं तर ती एका पक्ष्यावर तीन-चार मिनिटं टिकते.

मुलीने लिहिलं आहे: ‘काळा. कपाळावर पांढरा टिळा. मान पुढेमागे करत पोहतो.’ वारकरी. आपल्या लोकांनी नाव दिलं तेही असंच बघून दिलं. काठ्यांसारखे लांब लाल पाय, तो शेकाट्या. चोच पुढे थापटून रुंद केल्यासारखी, तो थापट्या. चोचीच्या कडेच्या बारीक दात्यांतून तो पाणी गाळून खातो, म्हणून असा गोल-गोल फिरतोय. चोचीच्या टोकाला पिवळा आणि बुडाशी लाल ठिपका, ते हळदी-कुंकू बदक. मुलांना नाव न सांगता चोच बघायला सांगा, मग चार नावं समोर ठेवा. बरोबर नाव ती स्वतः काढतात.

पक्षी ओळखून देणारं अ‍ॅप इथे टाळलेलंच बरं. एका मिनिटात उत्तर मिळतं खरं, पण डबा उघडतो, आणि पुढचा तास सगळे पडद्याकडे बघतात. नावं राहिली तर राहू देत. चित्र काढलेलं आहे, पुस्तकात घरी शोधता येईल. दारावर स्थानिक गाइड मिळतात, मोठी दुर्बीण तिवईवर लावून दाखवतात. त्यांना सोबत घ्या. कोणत्या बेटाआड कोण बसतं ते त्यांना पाठ असतं, आणि गावच्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं मुलं विसरत नाहीत.

मोजणीचं काम दादाकडे. थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी दहा पक्षी मोजायचे, त्या दहांनी किती जागा घेतली ते डोळ्यात धरायचं, आणि थव्यात तशा किती जागा बसतात ते बघायचं. दोघांनी वेगवेगळं मोजून मग आकडे जुळवायचे. आजोबांचे दोनशे, नातवाचे तीनशेवीस. पुन्हा मोजा.

[दृश्य: पाणकणसावरून भोवत्या येतो. पूर्ण थवा उठतो. निवेदन थांबतं, पंखांचा आवाज.]

भोवत्या. शिकारी पक्षी. पाणकणसावर इतका खाली, असा डुलत उडतो.

[दृश्य: मुलीचा चेहरा. आजोबांचा चेहरा.]

[दृश्य: पायवाट. बसलेलं कुटुंब. धपाटे.]

तिसरीतलं मूल एका जागी सलग दहा मिनिटांहून जास्त गप्प बसेल अशी अपेक्षा धरू नये. दहा मिनिटं बघणं, मग पाच मिनिटं चालणं, खाली पडलेली पिसं, चिखलातले ठसे, मग पुन्हा बघणं. पिसं बघून तिथेच ठेवायची. खाणं साडेआठला, भुकेची पहिली कुरकुर ऐकू येण्याच्या आधी.

फोटोचा मोह मोठ्यांनाच होतो. मोबाईलमध्ये रोहित म्हणजे एक गुलाबी टिंब. तो फोटो घ्यायला डबा उघडायचा, मग तो कुणाला तरी पाठवायचा, मग उत्तराची वाट बघायची. इथे नियम साधा आहे: निघताना, गाडीपाशी, सगळ्यांचा मिळून एक फोटो.

[दृश्य: परतीचा रस्ता. मिसळ.]

नाशिककरांचा रविवार मिसळीशिवाय होत नाही, तेव्हा ती झालीच पाहिजे. फक्त डबा गाडीतच राहू द्या. मिसळ येईपर्यंतच्या पंधरा मिनिटांत वही टेबलावर ठेवायची आणि राहिलेली नावं लिहून काढायची. डबा उघडला, तर सकाळभर जमलेलं सगळं याच पंधरा मिनिटांत हातून निसटतं.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मर्यादा सांगितली आहे: दोन वर्षांखाली स्क्रीन नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वर्षांत दोन तासांहून कमी. या घरात आता संध्याकाळी सात ते आठ डबा बंद असतो.

[दृश्य: मार्च. गच्ची. मातीची पसरट कुंडी.]

पावसाळ्यात इथे येण्यात अर्थ नाही. तेव्हा पांडवलेण्याचा डोंगर, अंजनेरी, म्हसरूळकडचं बोरगड. आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांसाठी गच्ची आहेच. मातीचं पसरट भांडं, कड खरबरीत, पाणी दोन इंचांहून खोल नाही, मध्ये एक दगड. गुळगुळीत स्टीलच्या ताटात पक्ष्यांचे पाय घसरतात आणि उन्हात ते तापतं. भांडं मांजर दबा धरून बसेल अशा कुंड्यांपासून लांब, सावलीत. पाणी रोज ओतून नवं भरायचं, नाहीतर आठवड्या-दहा दिवसांत डासांची पैदास होते. पहिला पक्षी यायला कधी दोन दिवस लागतात, कधी दोन आठवडे. तोवर भांड्याची जागा बदलायची नाही.

[दृश्य: भांड्याच्या कडेवर पक्षी. मुलीचा हात, वही.]

वेळ: संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. जागा: भांड्याची कड. काय करतोय: पाणी पितोय, मग आंघोळ. किती: दोन. नाव: लालबुड्या बुलबुल.